खंड कोणी ठरवावा? : गेम-इंजिनांचे दरबदल आणि लहान निर्माता

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी या अमेरिकन कंपनीने एक निवेदन काढले आणि जगभरच्या गेम-निर्मात्यांना असे कळवले की, तिच्या इंजिनावर बांधलेला गेम ग्राहकाच्या फोनमध्ये किंवा संगणकात उतरवला गेला की, उत्पन्नाची व संख्येची विशिष्ट मर्यादा ओलांडल्यानंतर, अशा प्रत्येक इन्स्टॉलमागे निर्मात्याला कंपनीस ठरावीक शुल्क द्यावे लागेल, आणि या आकारणीचा अंमल १ जानेवारी २०२४ पासून सुरू होईल. अंमलास तेव्हा चार महिन्यांहून कमी अवधी उरला होता. ज्यांचे गेम वर्षानुवर्षे बाजारात होते, ज्यांचे अर्धेअधिक बांधून झाले होते आणि ज्यांनी नुकताच श्रीगणेशा केला होता, त्या सर्वांना हीच एक तारीख लागू होती. पुढे दहा दिवसांत कंपनीने माफी मागून शर्ती सौम्य केल्या, महिन्याच्या आत मुख्याधिकारी जॉन रिचिटिएलो पायउतार झाले, आणि बरोबर एका वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, गेमांवरील ते शुल्क समूळ रद्द करण्यात आले. तथापि शुल्क रद्द झाले म्हणून त्याने उपस्थित केलेला प्रश्न निकालात निघाला, असे होत नाही. ज्या अवजारावाचून लहान निर्मात्याचे काम उभेच राहू शकत नाही, त्या अवजाराचा मोबदला बदलण्याचा अधिकार कोणाला, किती आणि कोणत्या मुदतीने असावा, हा तो प्रश्न होय. आणि परभणी जिल्ह्यातून पाहणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परभणीतून हा प्रश्न पाहण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद येथे आहे तशी स्टुडिओंची वस्ती या जिल्ह्यात नाही, आणि म्हणूनच फुकट मिळणाऱ्या इंजिनाचे मोल येथे अधिक आहे. सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथील ज्या मुलाला गेम बनवण्याचा ध्यास लागतो, त्याच्यापाशी भांडवल नसते, ओळखीचा प्रकाशक नसतो आणि शिकवणारा गुरूही बहुधा जवळ नसतो. परंतु २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, शिकवणीचे व्हिडिओ घरबसल्या मिळू लागले, आणि एका वापरलेल्या लॅपटॉपवर जगातील मोठ्या स्टुडिओंचे तेच इंजिन उतरवून घेता येऊ लागले. कौशल्य असूनही साधनांअभावी मागे राहण्याचा जो शिरस्ता मराठवाड्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आला, त्याला या एका क्षेत्रात तरी छेद जाण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली.

दुसरे कारण इतिहासातले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता, आणि दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळणाऱ्या कुळाचा खंड मालकाने आपल्या मर्जीप्रमाणे वाढवावा काय, हा वाद येथे दीर्घकाळ चालला. संस्थानी राजवटीतील आसामी शिकमी कायद्याने त्यास हात घातला, आणि १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने त्याचे अधिक निश्चयाने उत्तर दिले : खंडास कमाल मर्यादा घातली, कुळाला काढण्यापूर्वी कारण व नोटीस आवश्यक केली, आणि संरक्षित कूळ या नावाचा एक हक्कदार वर्ग मान्य केला. त्या कायद्याने मालकी पुसून टाकली नाही. मालकी असली तरी तिच्यातून मनमानीचा अधिकार आपोआप निपजत नाही, एवढे मात्र त्याने दफ्तरी नोंदवून ठेवले. परक्याच्या इंजिनावर गेम बांधणारा निर्माता याच अर्थाने कूळ आहे, आणि त्याचे गाऱ्हाणे समजून घेण्यास हा जुना धडा पुरेसा उपयोगी पडतो.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पडद्यावर आकृती उमटवणे, उडी मारलेल्या पात्रास गुरुत्वाकर्षणाने खाली आणणे, भिंतीवर आदळल्यावर थांबवणे, बोटाचा स्पर्श ओळखणे, ध्वनी वाजवणे, आणि हे सर्व अँड्रॉइड, आयफोन व संगणक या भिन्न यंत्रांवर एकाच तऱ्हेने चालेल अशी बांधणी करून देणे, ही कामे इंजिन करते. गेमची कल्पना, नियम, चित्रे आणि कथा निर्माता आणतो. ही यंत्रणा प्रत्येकाने स्वतः लिहावयाची म्हटले तर गेम सुरू होण्यापूर्वीच दोन-चार वर्षे निघून जातील. परंतु एकदा एखादे इंजिन पत्करले की त्याची भाषा, त्याची संचिकारचना, त्याच्या बाजारातून विकत घेतलेली जोडकामे आणि हाताला पडलेले वळण या सर्वांनी निर्माता त्याला बांधला जातो. युनिटीमध्ये सी-शार्प या भाषेत लिहिलेला गेम अनरियलमध्ये न्यावयाचा तर चित्रे व ध्वनी सोबत जातील, पण गेमचे अंतरंग जवळजवळ मुळापासून पुन्हा लिहावे लागेल. तीन वर्षे खपून बांधलेल्या कामाच्या तिसऱ्या वर्षी दर बदलला, तर निर्मात्यापुढे नवा दर मान्य करणे किंवा तीन वर्षांवर पाणी सोडणे एवढेच पर्याय उरतात. आणि दर ठरवणाऱ्याला हे ठाऊक असते.

या अवजारांच्या दरांचा इतिहास पाहता असे आढळते की, लहान निर्मात्याचा उदय दर उतरल्यामुळे झाला आणि त्याची चिंता दर बदलू लागल्यामुळे वाढली. या शतकाच्या आरंभी नामांकित इंजिनाचा परवाना लाखो डॉलरांस पडत असे, व तो केवळ मोठ्या कंपन्यांच्या आवाक्यात होता. २००४ साली कोपनहेगन येथे डेव्हिड हेल्गासन, योआकिम अँटे आणि निकोलस फ्रान्सिस या तिघांनी जी लहानशी कंपनी काढली, तिनेच पुढे युनिटी निर्माण केले; २००५ मध्ये ते बाजारात आले, २००९ मध्ये त्याची मूळ आवृत्ती मोफत झाली, आणि गेमनिर्मितीचे लोकशाहीकरण हे कंपनीचे घोषवाक्यच बनले. तिच्या स्पर्धेत एपिक या कंपनीने आपले अनरियल इंजिन २०१४ मध्ये मासिक १९ डॉलर व उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा या शर्तींवर खुले केले, आणि २०१५ मध्ये मासिक वर्गणीही काढून टाकली. याच सुमारास उलट दिशेची हालचालही सुरू झाली होती. अडोबीने २०१३ मध्ये आपल्या चित्रांकनाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांची कायमची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये तोच मार्ग धरला, आणि त्याच वर्षी युनिटीनेही एकदा पैसे मोजून कायमचा मिळणारा परवाना बंद करण्याची दिशा घेतली.

येथे वाचकाने एक भेद ध्यानात घ्यावा. मराठवाड्यातील लग्नपत्रिका व हँडबिले छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत पेजमेकर आणि कोरलड्रॉ यांच्या फार जुन्या आवृत्त्या, श्रीलिपीसारख्या मराठी अक्षरजुळणीच्या जोडीने, वर्षानुवर्षे चालत आलेल्या आहेत. पेजमेकरची अखेरची मोठी आवृत्ती २००१ सालची. तरीही दुकानदाराचे काम अडले नाही, कारण छापखान्याला फाइल मिळाली की व्यवहार पुरा होत असे, आणि नवे सॉफ्टवेअर केव्हा घ्यावयाचे हे दुकानदार आपल्या सवडीने ठरवत असे. गेम-निर्मात्यास ही मुभा नाही. गूगल आपल्या प्ले स्टोअरवरील अॅपांनी अँड्रॉइडच्या नव्या पातळीशी जुळवून घ्यावे म्हणून दरवर्षी नवी अट घालते, ॲपलच्याही अशाच अटी असतात, आणि त्या पाळण्यासाठी इंजिनाची आवृत्ती वरचेवर अद्ययावत करावी लागते. जुन्या आवृत्तीवर जुन्या शर्तींनिशी स्वस्थ बसून राहावे, हा मार्ग कागदोपत्री उपलब्ध असला तरी मोबाइलवरील निर्मात्याला तो थोडीच वर्षे पुरतो.

अवजाराचा मोबदला घेण्याच्या ज्या पद्धती या व्यवसायात रूढ झाल्या, त्या चार आहेत, आणि प्रत्येकीत नुकसानीचा भार निराळ्या खांद्यावर पडतो. एकरकमी खरेदीत निर्माता आरंभीच सर्व जोखीम घेतो, पण पुढे निर्वेध असतो. वार्षिक वर्गणी हा मक्ता होय. पीक येवो वा न येवो, मुदतीला रक्कम भरावीच लागते. उत्पन्नाच्या टक्केवारीने घ्यावयाचा हिस्सा ही बटाई. तीत अपयशाचे ओझे दोघांत वाटले जाते, आणि ज्याचा गेम चालला नाही त्याला काही द्यावे लागत नाही. चौथी पद्धत युनिटीने २०२३ मध्ये योजिलेली, दर इन्स्टॉलमागे पट्टी बसवण्याची; आणि तिच्यातील मूलभूत दोष असा की, ती निर्मात्याच्या मिळकतीवर आकारली जात नाही. मोबाइलवरील बहुसंख्य गेम फुकट उतरवता येतात, शंभरांतील थोडेच खेळाडू काही विकत घेतात, आणि उरलेल्यांकडून जाहिरातींचे चार पैसे मिळतात. डाउनलोडच्या संख्येत भारत जगात अग्रभागी आहे, पण दर खेळाडूमागील मिळकत येथे अत्यल्प आहे. ज्या देशात खेळणारे पुष्कळ आणि पैसे देणारे थोडे, त्या देशातील निर्मात्यास डोईपट्टी सर्वांत जाचक ठरणार हे उघड आहे.

मूळ तक्ता जवळून पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. मोफत वर्गातील निर्मात्याचे गेल्या बारा महिन्यांतील उत्पन्न २ लाख डॉलर आणि गेमचे एकूण इन्स्टॉल २ लाख, या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावर शुल्क लागू व्हावयाचे होते. अमेरिका, जपान, जर्मनी अशा देशांतील इन्स्टॉलमागे २० सेंट आणि भारतासारख्या देशांतील इन्स्टॉलमागे २ सेंट असा त्याचा दर होता. आता कल्पनेने एक उदाहरण घेऊ. परभणीच्या पाच तरुणांनी एक फुकट गेम काढला, तो देशभर गाजला, एका वर्षात १ कोटी नवे इन्स्टॉल झाले, आणि दर इन्स्टॉलमागे जाहिरातींतून सरासरी ३ सेंट मिळून वर्षाची प्राप्ती ३ लाख डॉलर झाली. दोन्ही मर्यादा पूर्वीच ओलांडल्या असतील, तर २ सेंटप्रमाणे शुल्क होते २ लाख डॉलर, म्हणजे प्राप्तीचे दोन-तृतीयांश. उरलेल्या तिसऱ्या हिश्शातून पाच जणांचे पगार, सर्व्हरचा खर्च, जाहिरात आणि कर भागवावयाचा. जितका गेम लोकप्रिय तितकी निर्मात्याची ओढाताण अधिक, अशी ही उफराटी रचना होती.

यातून सुटण्याची वाट तक्त्यातच दाखवली होती, आणि माझ्या मते योजनेचा खरा रोख तेथे दिसतो. जो निर्माता प्रो वर्गाचा परवाना घेईल त्याला मर्यादा १० लाख डॉलर व १० लाख इन्स्टॉल अशी होती, म्हणजे वरील उदाहरणातील तरुणांना शुल्क पडले नसते. मात्र त्या परवान्याची किंमत दरडोई वार्षिक २,०४० डॉलर होती, आणि याच सुमारास ३९९ डॉलरांचा मधला, प्लस नावाचा वर्ग नव्या ग्राहकांसाठी बंद करण्यात आला. शिवाय कंपनीच्या इतर सेवा पत्करणाऱ्यांना शुल्कात सवलत मिळू शकेल, असेही जाहीर झाले. २०२२ मध्ये जाहिरात-व्यवसायातील आयर्नसोर्स ही कंपनी युनिटीत विलीन झालेली होती, हे लक्षात घेता या सवलतीचा अर्थ लपून राहत नाही. पट्टीच्या धाकाने कुळाला मक्त्याकडे आणि मालकाच्याच पेढीकडे वळवावयाचे, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

याहूनही गंभीर असे दोन आक्षेप होते. इन्स्टॉलची मोजणी कंपनी आपल्या खासगी गणनपद्धतीने करणार होती, आणि तिचा हिशेब पडताळून पाहण्याचे साधन निर्मात्यापाशी नव्हते. पुन्हा उतरवलेले गेम मोजावयाचे काय, चोरट्या प्रती मोजावयाच्या काय, याविषयी पहिल्या काही दिवसांत खुलाशांमागून खुलासे करावे लागले. दुसरा आक्षेप विश्वासाचा. २०१९ च्या जानेवारीत दुसऱ्या एका कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीने असे मान्य केले होते की, निर्माता जी आवृत्ती वापरतो तिच्या वेळच्या शर्ती त्याला कायम ठेवता येतील, आणि शर्तींतील प्रत्येक फेरफार सर्वांना दिसेल अशा जागी नोंदवला जाईल. नंतरच्या सुधारणांत ते कलम गळून पडले, ती नोंदही काढून घेण्यात आली, आणि २०२३ चे शुल्क आधीच प्रसिद्ध झालेल्या गेमांनाही लावण्याचे जाहीर झाले. मागील तारखेच्या कामावर नव्या तारखेची आकारणी बसणार होती, हे या प्रकरणातील सर्वांत सलणारे शल्य होय.

न्यायाच्या दृष्टीने कंपनीची बाजूही मांडली पाहिजे. युनिटी सप्टेंबर २०२० मध्ये शेअरबाजारात आली, परंतु नफ्यात कधी आली नव्हती. २०२२ या वर्षात तिचे उत्पन्न सुमारे १३९ कोटी डॉलर आणि तोटा सुमारे ९२ कोटी डॉलर होता. हजारो अभियंत्यांच्या श्रमांवर चालणारे इंजिन लक्षावधी माणसे काही न देता वापरत होती, आणि त्यांतील काहींनी त्यावर मोठी संपत्ती मिळवली होती. अशा स्थितीत कंपनीने मोबदला मागू नये, असे कोणीही विचारी मनुष्य म्हणणार नाही. पण तोट्याचे कारण दर वाढवण्यास पुरेसे असले, तरी दिलेला शब्द फिरवण्यास ते पुरे पडत नाही; आणि ज्या अधिकाऱ्यांनी कंपन्या विकत घेण्यावर अब्जावधी डॉलर खर्चण्याचा निर्णय केला, त्यांनी त्या निर्णयाचा ताळेबंद सर्वांत दुबळ्या घटकाकडून जुळवून घ्यावा, यात व्यापारी शहाणपणही नव्हते.

ते नव्हते, हे पुढील घटनांनी सिद्ध केले. अनेक मोबाइल स्टुडिओंनी आपल्या गेमांतील युनिटीच्या जाहिराती बंद केल्या. टेरारिया या गेमच्या निर्मात्यांनी गोडो हे मुक्त इंजिन व एफएनए हा मुक्त प्रकल्प यांस प्रत्येकी १ लाख डॉलर देणगी दिली. स्ले द स्पायर या गेमच्या निर्मात्यांनी आपला पुढचा गेम गोडोवर बांधण्याचे ठरवले. २२ सप्टेंबर २०२३ रोजी मार्क व्हिटन या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीर पत्रात चूक कबूल केली. मोफत वर्गाला शुल्कातून वगळण्यात आले, त्या वर्गाची उत्पन्नमर्यादा १ लाखावरून २ लाख डॉलर करण्यात आली, नवे शुल्क केवळ पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून लागू ठरले, आणि इन्स्टॉलप्रमाणे होणारी रक्कम किंवा उत्पन्नाचे अडीच टक्के यांपैकी जे कमी असेल ते भरण्याची मुभा मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने सुमारे १,८०० नोकर कमी केले. मे मध्ये मॅथ्यू ब्रॉमबर्ग मुख्याधिकारी झाले, आणि त्यांनी शुल्क रद्द करताना प्रो परवाना ८ टक्क्यांनी वाढवून २,२०० डॉलर व एंटरप्राइज परवाना २५ टक्क्यांनी महाग केला. ही वाढ जानेवारी २०२५ पासून लागू झाली आणि तिच्याविरुद्ध फारशी ओरड झाली नाही. निर्मात्यांचा रोष दरवाढीवर नव्हताच. नोटीस देऊन, पुढील तारखेपासून, मोजता येईल अशा रीतीने केलेली वाढ त्यांनी सहन केली. ही गोष्ट या आढाव्यात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते.

दरबदल नेहमी निर्मात्याच्या विरुद्धच असतो, असेही नव्हे, आणि याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने, श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांच्या पुढाकाराने, 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा भारतीय पुराणकथा व लघुचित्रशैली यांवर आधारलेला गेम अनरियल इंजिनावर बांधला. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. त्यांचा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील उत्कृष्ट गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचला. याच वर्षीच्या मे महिन्यात एपिकने असे जाहीर केले होते की, गेमच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर हिस्सा घेतला जाणार नाही, आणि ही सूट १ जानेवारी २०२० पासून मागे नेऊन लागू केली. मागील तारखेचा बदल लहानाच्या बाजूने झाला तर तो अनुग्रह ठरतो, विरुद्ध झाला तर अन्याय. अनरियलच्या करारात, ज्या आवृत्तीवर काम चालू आहे तिच्या शर्ती कायम ठेवण्याची सोय आहे, आणि एवढे एक कलम निर्मात्याला किती निर्धास्त करते, हे युनिटीच्या अनुभवानंतर सर्वांस कळून आले. युनिटीच्या गोंधळानंतर दोन महिन्यांतच गेममेकर या इंजिनाने वर्गणीऐवजी सुमारे १०० डॉलरांचा एकरकमी व्यापारी परवाना आणला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

भारतीय निर्मात्याच्या बाबतीत दरबदलाला आणखी काही पदर आहेत, ज्यांचा विचार परदेशी चर्चांत क्वचितच होतो. डॉलरचा भाव हा त्यांतील पहिला. २०१४ मध्ये साठ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२३ मध्ये त्र्याऐंशीच्या घरात होता. म्हणजे कंपनीने एक सेंटही वाढवला नसता, तरी रुपयांत दर एक-तृतीयांशाहून अधिक चढला असता. दुसरा पदर कराचा. परदेशातून घेतलेल्या अशा सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नोंदणी असलेल्या व्यावसायिकास त्याची वजावट मिळते, नोंदणी नसलेल्या एकट्या तरुणास मिळत नाही. २०२३ मधील २,०४० डॉलरांचा परवाना या दोन्हींसह त्याला वर्षाला जवळपास दोन लाख रुपयांस पडत असे, आणि जिल्ह्याच्या गावी नवख्या अभियंत्याला कित्येक महिन्यांच्या पगारातून तेवढे शिल्लक पडत नाही. तिसरा पदर हप्त्यांचा. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीस मर्यादा आली. प्रथम ५,००० आणि जून २०२२ पासून १५,००० रुपयांवरील प्रत्येक वसुलीस ग्राहकाची स्वतंत्र संमती लागते. ग्राहकरक्षणाच्या दृष्टीने नियम रास्त आहे, पण परदेशी वर्गणीचा हप्ता त्यात अडकला तर काम ऐन मोक्याच्या वेळी खोळंबते.

इंजिनाच्या जोडीला दुकानाचा वाटाही आहे. ॲपल, गूगल आणि संगणकावरील गेमांचे स्टीम हे दुकान यांनी विक्रीच्या ३० टक्के हिश्शाचा दर दीर्घकाळ चालवला. २०१८ च्या अखेरीस स्टीमने तो १ कोटी डॉलरांवरील विक्रीस २५ आणि ५ कोटींवरील विक्रीस २० टक्के केला, म्हणजे सवलत मोठ्यांस मिळाली. उलट ॲपलने २०२१ च्या जानेवारीपासून आणि गूगलने त्याच वर्षीच्या जुलैपासून १० लाख डॉलरांपर्यंत १५ टक्के दर ठेवून लहानांकडे पाहिले. या दुसऱ्या बदलामागे न्यायालये व नियामक यांचा दबाव होता, हे विसरता येणार नाही. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या वसुली-धोरणाबद्दल गूगलला ९३६ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. पुढे अपिलात ती रक्कम बरीच कमी झाली, तरी मक्तेदाराच्या दरावर सार्वजनिक संस्थेला प्रश्न विचारता येतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

कायद्याची एकूण स्थिती मात्र समाधानकारक नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार यावयाचा तर उभय पक्षांची संमती लागते; परंतु पडद्यावरील बटण दाबून मान्य केलेल्या करारनाम्यातच असे लिहिलेले असते की, कंपनी शर्ती बदलू शकेल आणि वापर चालू ठेवणे हीच संमती समजली जाईल. विधी आयोगाने २००६ सालच्या आपल्या १९९ व्या अहवालात अनुचित करारशर्तींचा सविस्तर विचार केला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित कराराची व्याख्या केली, पण व्यापारी हेतूने घेणारा सामान्यतः ग्राहक ठरत नाही. आणि ग्राहक ठरलाच, तरी अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे दाखल होत नाही, राज्य आयोगाकडेच न्यावी लागते. एकटा निर्माता हा ग्राहकही धड नाही आणि वाटाघाट करू शकेल असा व्यापारीही नाही, आणि या दोहोंमधील पोकळीत तो उघडा पडला आहे.

मग उपाय कोणता? पुष्कळांनी गोडोकडे बोट दाखवले आहे. अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी घडवलेले हे इंजिन २०१४ मध्ये अत्यंत उदार अशा एमआयटी परवान्याखाली मुक्त झाले, आणि त्याचा दर कोणी वाढवू शकत नाही, कारण दिलेला मुक्त परवाना मागे घेता येत नाही. मात्र त्याच्याही मर्यादा आहेत : प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डोसारख्या यंत्रांच्या तांत्रिक अटी गोपनीय असल्याने तेथे जाण्यासाठी त्रयस्थ कंपन्यांची मदत घ्यावी लागते, मोठ्या त्रिमिती गेमांत ते अद्याप मागे आहे, आणि नोकरीच्या बाजारात युनिटी व अनरियल जाणणारांनाच मागणी अधिक आहे. म्हणून विद्यार्थ्याने एका इंजिनात प्रावीण्य मिळवताना एका मुक्त इंजिनाशीही परिचय ठेवावा, गेमचे नियम व हिशेब इंजिनापासून शक्य तितके अलग लिहावेत, आणि ज्या दिवशी काम सुरू केले त्या दिवशीच्या करारनाम्याची तारीखवार प्रत आपल्या दफ्तरी ठेवावी, हा सल्ला आज सर्वांत व्यवहार्य आहे.

शासनाचे कर्तव्य याहून मोठे आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था सुरू झाली आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये अॅनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. या प्रयत्नांचा लाभ मुंबई-पुण्यापुरता राहू नये असे खरोखर वाटत असेल, तर मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांत मुक्त इंजिनांचे शिक्षण सुरू करावे, गोडोसारख्या प्रकल्पांचे मराठी शिक्षणसाहित्य सरकारी खर्चाने तयार करून घ्यावे, आणि परदेशी कंपन्यांशी सामुदायिक परवान्याची बोलणी शासनाने स्वतः करावीत. एकट्या कुळाला जी सवलत मिळत नाही, ती संघटित मागणीला मिळते, हे सहकाराच्या भूमीत पटवून देण्याची गरज पडू नये.

या सर्व चर्चेतून माझ्या मते तीन नियम निष्पन्न होतात, आणि ते करारात किंवा कायद्यात लेखी असल्यावाचून लहान निर्मात्याने निश्चिंत राहू नये. ज्या आवृत्तीवर काम सुरू झाले तिच्या शर्ती त्या कामाच्या अखेरपर्यंत कायम राहाव्यात. दरात जो बदल करावयाचा तो पुढील कामासच लागू व्हावा, आणि त्याची नोटीस गेम घडवण्यास लागणाऱ्या काळाशी प्रमाणशीर असावी. चार महिन्यांची सूचना ही चार वर्षांच्या श्रमांना सूचना म्हणता येत नाही. आणि आकारणीचे माप असे असावे की जे निर्माता स्वतः मोजू शकेल व जे त्याच्या खऱ्या मिळकतीशी जोडलेले असेल. यांपैकी एकही नियम मालकाचा मोबदला बुडवत नाही. जमिनीच्या बाबतीत हे तत्त्व आपल्या जिल्ह्याने १९५० मध्ये कायद्याच्या रूपाने पाहिले. संगणकीय अवजारांच्या बाबतीत ते अजून आपल्या कायद्यात आलेले नाही. २०२३ मध्ये निर्मात्यांच्या संतापाने एक शुल्क मागे घ्यावयास लावले, पण संताप हा काही कायमचा बंदोबस्त नव्हे. पुढचा दरबदल केव्हा तरी होणारच. तो होण्यापूर्वी हे तीन नियम लेखी मागून घेणे, हे या व्यवसायात उतरणाऱ्या प्रत्येक तरुणाचे, आणि त्याला उत्तेजन देऊ इच्छिणाऱ्या शासनाचे, आजचे काम आहे.